संस्थेचा दीड मिनिटाचा व्हिडिओ: बघणारा उठून काही करेल असा कसा बनवायचा

सातपुड्यावरून फिरलेला ड्रोन, मागे रडकी बासरी, धुळीत बसलेलं उघडं पोर, त्याच्या डोळ्यांकडे हळूहळू सरकणारा कॅमेरा आणि शेवटी बँकेचा खातेक्रमांक. धडगाव-अक्कलकुव्याकडे काम करणाऱ्या संस्थांचे बरेच व्हिडिओ याच साच्यातले असतात. लोक ते बघतात, खाली हात जोडल्याची खूण टाकतात आणि पुढे सरकतात. त्यांना वाईट वाटत नाही असं नाही. वाटतं, पण त्या वाटण्याचं करायचं काय हे व्हिडिओनं सांगितलेलंच नसतं.

या लेखात उदाहरण म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरला आहे: सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार. नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे-जळगावच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार अनेक घरांत आहे आणि व्हिडिओच्या दृष्टीनं तो अवघड आहे. तो चेहऱ्यावर दिसत नाही, त्याची वेदना बहुतेक वेळा चार भिंतींच्या आत असते आणि लग्न मोडेल या भीतीनं घरं त्याबद्दल बोलत नाहीत. इथे जमलं तर कुपोषण, व्यसन, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचं शिक्षण या विषयांवरही जमेल.

शेवटचं वाक्य आधी लिहा

कॅमेरा हातात घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहायचं: हा व्हिडिओ बघून कोण, काय, केव्हा करेल. "समाजात जागृती व्हावी" हे वाक्य चालणार नाही. जागृती झाली की नाही, हे कुणी कसं ओळखायचं? चालणारं वाक्य असं असतं: तळोदा तालुक्यात ज्यांच्या लग्नाची बोलणी सुरू आहेत अशी मुलं-मुली, सुपारी फुटायच्या आधी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घेतील. किंवा: सुरतेत उधना-लिंबायतला राहणारा मूळचा शिरपूर-शहाद्याकडचा माणूस अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी निघण्याआधी एका रुग्णाच्या वर्षभराच्या दवाखान्याच्या भाड्याचे पैसे पाठवेल. किंवा: जळगावच्या गोलाणी मार्केटमधला दुकानदार येत्या रविवारी रक्तदान करेल, कारण काही सिकलसेल रुग्णांना रक्त चढवावं लागतं.

हे तीन वेगळे व्हिडिओ आहेत. पहिल्यात बघणाऱ्याला स्वतःबद्दल काळजी वाटायला हवी, दुसऱ्यात गावाची ओढ जागी व्हायला हवी, तिसऱ्यात "हे तर मला सहज जमेल" असं वाटायला हवं. तिन्ही एकात कोंबले की लग्नाच्या वयाच्या पोराला वाटतं हे देणगीवाल्यांसाठी आहे आणि सुरतच्या माणसाला वाटतं ही सरकारी जाहिरात आहे. संस्थेच्या बैठकीत "यातच आपलं वसतिगृहही दाखवू" असं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा हा कागद पुढे करायचा.

इथून पुढे पहिलं वाक्य धरून चालू.

माणूस एकच, आणि तो विचार करून निवडलेला

२००७ साली डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि पॉल स्लोविक यांनी अमेरिकेत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भाग घेणाऱ्यांना मोबदला म्हणून पाच डॉलर दिले होते आणि त्यातले हवे तेवढे दान करायची मुभा होती. काहींना आफ्रिकेतल्या माली देशातल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल वाचायला दिलं, काहींना लाखो लोकांच्या उपासमारीचे आकडे दिले, तर काहींना मुलगी आणि आकडे दोन्ही दिले. मुलीबद्दल वाचणाऱ्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, आकडे वाचणाऱ्यांनी १.१४. दोन्ही वाचणाऱ्यांनी दिले फक्त १.४३. म्हणजे मुलीच्या जोडीला आकडे आले आणि मुलीचा परिणामही ओसरला. कार्यकर्त्यांना हे पचत नाही, कारण त्यांच्यासाठी तो आकडा म्हणजे वर्षानुवर्षांची पायपीट असते. पण समोरचा माणूस आकडा ऐकला की हिशोब करू लागतो, आणि "एवढ्या मोठ्या प्रश्नात माझ्यानं काय होणार" हेच त्या हिशोबाचं उत्तर निघतं.

माणूस एकच घ्यायचा हे ठरलं. कोण घ्यायचा, ही पुढची आणि जास्त जोखमीची गोष्ट. सगळ्यांच्या मनात आधी आजारी लहान मुलगी येते. ती निवड सोपी आहे, आणि सिकलसेलसाठी तर चुकीची. आज आठ वर्षांची असलेली मुलगी दहा-बारा वर्षांनी लग्नाची होईल तेव्हाही व्हिडिओ कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. आईचा चेहरा दाखवला तरी गावाला मुलगी कळतेच. त्यामुळे अशा विषयात मोठा माणूस घ्यावा, ज्याचं लग्न झालंय, ज्याचा आजार गावाला आधीच ठाऊक आहे आणि ज्याला बोलायचंय.

समजा, असा एक शिंपी सापडला. पस्तिशीतला, पायमशीनवर कपडे शिवणारा. आजाराचा जोर असला की पायडलवर पाय ठेवता येत नाही. आणि लग्नाचे कपडे शिवायला आलेल्या पोरांना तो माप घेता घेता विचारतो, "भाऊ, रगत तपासं का?" असा माणूस मिळाला तर निम्मी पटकथा तयार आहे. त्याचा आजार त्याच्या कामातच दिसतो आणि आपल्याला करायचं ते आवाहन तो रोज आपणहून करतो. गोष्टीचा माणूस शोधताना हेच बघायचं: त्याच्या रोजच्या कामात प्रश्नही दिसतो का आणि उत्तरही? दोन्ही दिसत नसेल तर आणखी चार जणांना भेटा. भेटायला जाताना कॅमेरा न्यायचा नाही. आशा ताई, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेचे अधीक्षक ही माणसं चांगले धागे देतात. मात्र त्यांनी सुचवलेला पहिला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात आज्ञाधारक असतो, बोलका असतोच असं नाही.

परवानगी

मराठीत छापलेल्या फॉर्मवर अंगठा घेतला म्हणजे पावरी बोलणाऱ्या माणसाची परवानगी मिळाली असं होत नाही. परवानगी तीनदा घ्यायची. पहिल्यांदा शूटिंगच्या किमान एक दिवस आधी, त्याच्या भाषेत, व्हिडिओ कुठे कुठे दिसेल हे फोनवर दाखवून. "यूट्यूबवर टाकू" हे पुरेसं नाही. "तुमच्या साडूच्या फोनवरही येईल" असं सांगितलं की प्रश्न त्याला खरा कळतो. दुसऱ्यांदा शूटिंग संपल्यावर. तिसऱ्यांदा तयार व्हिडिओ त्याला आणि घरच्यांना दाखवून. तिसऱ्या वेळी नाही म्हणाला तर व्हिडिओ बाजूला ठेवायचा, गळ घालायची नाही. ज्यांच्या हातून त्याला औषधं मिळतात, त्यांच्यासमोर परवानगी विचारू नये. तिथे तो नाही म्हणूच शकत नाही. दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती भरून द्यावी, पण किती ते आधीच सांगून. नंतर पाकीट दिलं तर बोलण्याचे पैसे दिल्यासारखं होतं.

कायद्याचीही रेघ आहे. बालकल्याण समितीपुढे आलेल्या किंवा बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, शाळा, पत्ता किंवा छायाचित्र दाखवायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, प्रकरणांत ओळख उघड करायला वेगळी बंदी आहे. एचआयव्हीबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. "आईबापांनी सही दिली होती" हे उत्तर अशा वेळी कामाला येत नाही.

चेहरा लपवायचा असेल तर डोळ्यांवर काळी पट्टी किंवा चौकड्यांचा धूसर ठिपका टाकू नका. माणूस आरोपीसारखा दिसतो आणि बघणाऱ्याची माया तिथेच तुटते. हात, पाठ, दारातली सावली, काम करणारी बोटं दाखवा. मग आवाज ओळखू येतो का, शाळेच्या गणवेशावरचा बिल्ला, घराचा क्रमांक, मोटारसायकलची नंबरप्लेट, भिंतीवरचा लग्नाचा फोटो कुठे डोकावतोय का, हे मोठ्या पडद्यावर एकदा तपासा. फोनच्या छोट्या पडद्यावर नंबरप्लेट सुटून जाते.

बोलतं करताना

"तुम्हाला कसं वाटतं?" हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर "वाईट वाटतं" एवढंच येतं, आणि ते खरं असूनही निरुपयोगी असतं. घडलेलं विचारा. शेवटी दुखलं ते कोणत्या रात्री? तेव्हा घरात कोण होतं? उठून काय केलं? सकाळी दुकान उघडलं का? गिऱ्हाइकाला काय सांगितलं? अशा प्रश्नांतून "बायकोनं वाळू तापवून फडक्यात बांधली आणि पायाला लावली, तिच्या हाताला चटका बसला" असं काहीतरी बाहेर येतं. अशी एक बारीक गोष्ट हाती लागली की दहा विशेषणांची गरज संपते.

बसायची जागाही महत्त्वाची. तो खाटेवर असेल तर तुम्हीही त्याच उंचीवर बसा आणि कॅमेऱ्याची काच त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. वरून खाली घेतलेल्या चित्रात माणूस आपोआप बापुडवाणा दिसतो, मग निवेदनात कितीही सन्मानाची भाषा वापरा. त्यानं कॅमेऱ्याकडे नाही, काचेच्या अगदी शेजारी बसलेल्या तुमच्याकडे बघून बोलावं. प्रश्न व्हिडिओत ऐकू येणार नाही, म्हणून उत्तराची सुरुवात पूर्ण वाक्यानं करायला सांगा: नुसतं "हो, दोनदा" नको, "गेल्या हिवाळ्यात दोनदा दवाखान्यात जावं लागलं" असं हवं. उत्तर संपल्यावर पाच-सात सेकंद गप्प राहा. ही शांतता विचारणाऱ्याला जड जाते, पण पुष्कळदा नेमकं वाक्य त्यानंतरच येतं.

भाषा त्याचीच ठेवा. "रातभर पाय दुखतस" यातला ठणका "रात्रभर पायांमध्ये असह्य वेदना होतात" यात उरत नाही. खाली मराठी अक्षरं द्या, वरून दुसऱ्याचा आवाज चढवू नका. धडगाव-मोलगीकडे पावरी किंवा भिली असेल तर दुभाषी बरोबर न्या आणि अनुवाद दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. दुभाषी बऱ्याचदा माणसाचं बोलणं सभ्य करून सांगतो.

आणि तो रडला तर? कॅमेरा खाली, पाणी द्या, थांबा. पुढे बोलायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. व्हिडिओत अश्रू ठेवायचे की नाही यावर मतभेद आहेत. उदास चेहऱ्यांना जास्त दान मिळतं असं दाखवणारे अभ्यासही आहेत. पण आपलं वाक्य दानाचं नाही, तपासणीचं आहे. रडणारा माणूस बघून लग्नाच्या वयाचं पोरगं घाबरतं आणि घाबरलेलं पोरगं तपासणी टाळतं. म्हणून इथे रडण्याच्या आधीचा क्षण घ्या: तो बोलता बोलता थांबतो, कात्री उचलतो, परत ठेवतो. तेवढं पुरतं.

चित्रीकरण: ऊन, पंखा आणि पत्रा

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या घरात जातो आणि दुपारी फोन तापून चित्रीकरण आपोआप बंद पडतं. सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, एवढ्याच वेळा बाहेरच्या कामाच्या. दुपारी घरात, दाराच्या बाजूनं प्रकाश येईल असं बसवून बोलणं घ्या. माणसाच्या पाठीमागे उघडं दार ठेवलं तर बाहेरच्या पांढऱ्या उन्हापुढे चेहरा काळा पडतो. तो दाराकडे अर्धा वळलेला असू द्या.

फोन आडवा धरायचा की उभा, ते कागदावरचं वाक्य ठरवतं. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि रील्ससाठी उभा, १०८० बाय १९२०. आठवडे बाजारात पडद्यावर दाखवायचा असेल तर आडवा. दोन्हीला पुरेल असं मधलं काही घेऊ नका, दोन्हीकडे डोकी कापली जातात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ चित्रं आणि शटर १/५० ठेवलं तर एलईडी दिव्याखाली पट्ट्या लुकलुकत नाहीत. एकदा ठरवलेला फोकस आणि उजेड बोटानं दाबून कुलूपबंद करा, नाहीतर माणूस हलला की चेहरा उजळ-काळा होत राहतो.

चित्र थोडं हललेलं लोक चालवून घेतात, आवाज खराब असेल तर मात्र थांबत नाहीत. फोनचाच माइक तीन फुटांवरून वापरू नका. कॉलरला लावायचा साधा तारेचा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, कपड्याला घासणार नाही असा लावा. बोलणं घेताना पंखा बंद, फ्रीज असेल तर त्याचं बटण बंद (आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना चालू करायचं विसरत नाही), शेजारच्या मोटरवाल्याला अर्ध्या तासाची विनंती. पत्र्याच्या घरात आवाज घुमतो. गोधड्या, वाकळ, कपड्यांचे गठ्ठे आजूबाजूला ठेवले की घुमणं कमी होतं. शिंप्याच्या दुकानात तर गठ्ठे आयतेच मिळतात. आवाजाची पातळी सगळ्यात जोरात बोलतानाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी. शेवटी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीचा रिकामा आवाज तीस सेकंद घ्या. संकलनात दोन वाक्यं जोडताना तो लागतोच, आणि कुणालाच आधी आठवत नाही.

बोलण्याचं चित्रण वीस मिनिटं असेल तर कामाचं चित्रण किमान तासभर घ्या. प्रत्येक कामाचे पाच तुकडे: हात, चेहरा, खांद्यावरून दिसणारं काम, पूर्ण दुकान, आणि एखादी वस्तू अगदी जवळून. प्रत्येक तुकडा दहा सेकंद कॅमेरा न हलवता. शिंप्याच्या बाबतीत ती वस्तू म्हणजे मशीनच्या पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली. सिकलसेलच्या माणसाला भरपूर पाणी प्यावं लागतं. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली किंवा अति श्रम झाले की कोयत्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडं ठणकू लागतात. ही माहिती निवेदनात सांगायला वीस सेकंद जातात. बाटली तीनदा दिसली आणि तो एकदा म्हणाला, "पाणी विसरलो की पाय आठवण करून देतो," तर चार सेकंदांत काम होतं.

नव्वद सेकंदांची मांडणी

पहिल्या पाच सेकंदांत संस्थेचं बोधचिन्ह, मान्यवरांची नावं, "सादर करीत आहे" यातलं काहीही नको. पायडलवरचा पाय आणि मशीनची खडखड, एवढंच. पाचव्या सेकंदाला पाय थांबतो. खडखड बंद. ही शांतता तीन सेकंद राहू द्या. बोटानं पुढे सरकवणारा माणूस इथे थबकतो, कारण चालू असलेलं काहीतरी मध्येच तुटलं आहे. तो वाकून बाटली उचलतो.

साधारण बारा ते तीस सेकंद: चेहरा आणि त्याचा आवाज, फक्त त्या एका रात्रीबद्दल. तीस ते पंचेचाळीस: आजार कळायला किती काळ गेला, लोक काय म्हणायचे, आता रोजची गोळी. आजार काय आहे हे त्याच्याच एका वाक्यात. इथे डॉक्टर आणायचा मोह होतो. डॉक्टरसाहेब आले की बघणारा विद्यार्थी होतो आणि गोष्ट तुटते; त्यांचं वेगळं तीन मिनिटांचं बोलणं करा आणि त्याची लिंक खाली द्या.

पंचेचाळीस ते साठ: नवरदेवाच्या खांद्यावर टेप. "बावीस... छाती छत्तीस..." आणि त्याच सुरात तो प्रश्न. हा प्रसंग घडवून आणू नका. दोन-तीन गिऱ्हाइकांची मापं घेताना कॅमेरा लावून ठेवा, तो विचारतोच. गिऱ्हाइकाचीही परवानगी घ्यावी लागेल, हे विसरू नका.

साठ ते पंचाहत्तर: आरोग्य केंद्र, फक्त हात, बोटाला सुई, रक्ताचा थेंब. सगळ्या व्हिडिओतला एकुलता एक आकडा इथे येतो: नवरा-बायको दोघंही वाहक (स्वतः आजारी नसलेले, पण आजार मुलांकडे पोचवू शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के. "चार मुलांपैकी एकाला होतो" असं कधीही लिहू नका. लोक त्याचा अर्थ "पहिल्याला झाला, म्हणजे आता तीन सुटले" असा काढतात. शक्यता दर वेळी नव्यानं तेवढीच असते. आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे, हेही त्याच दमात सांगा, नाहीतर तपासणीच्या भीतीत आपणच भर घालतो. बोटाच्या थेंबावरची चाचणी प्राथमिक असते, ती सकारात्मक आली तर पक्क्या निदानाची दुसरी तपासणी होते. हे खालच्या मजकुरात द्या, व्हिडिओत नको. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम, ० ते ४० वयोगटातल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं तिचं उद्दिष्ट, हे सगळंही तिथेच. निधी देणाऱ्यांच्या अहवालात ते शोभतं.

शेवटचे पंधरा सेकंद: पाय पुन्हा पायडलवर, खडखड सुरू. त्यावर तुमचं ते कागदावरचं वाक्य, मोठ्या अक्षरांत, किमान आठ सेकंद.

निवेदन आणि संगीत

निवेदन हवंच असं नाही. हवंच असेल तर नव्वद सेकंदांत ऐंशी-नव्वद शब्दांच्या वर जाऊ नका. त्याहून जास्त झालं की शिंप्याला बोलायला जागा उरत नाही. "बिचारे", "अभागी", "अज्ञानाच्या अंधारात", "विकासापासून वंचित" हे शब्द काढून टाका आणि वाक्य परत वाचा. अर्थ जराही कमी होत नाही. "दुर्गम पाड्यातील हे गरीब आदिवासी आरोग्यसुविधांपासून वंचित आहेत" याऐवजी "पाड्यावरून डांबरी रस्त्याला यायला दीड तास, तिथून जीप मिळाली तर दवाखाना" असं लिहा. अंतर आणि वेळ मात्र तिथे चालून, घड्याळ लावून मोजा. त्या पाड्यावरचा माणूस व्हिडिओ बघणार आहे आणि तो चूक पकडतो.

पहिली तीस सेकंद संगीत नको. मशीनची खडखड, कात्रीचा आवाज, बाहेरची एसटी हेच संगीत. पुढे लावायचंच तर एक वाद्य, हळू, आणि माणूस बोलताना त्याहून हळू. सिनेमाचं गाणं लावलं तर यूट्यूब आवाज काढून टाकू शकतं किंवा व्हिडिओवर दावा येतो. गावातल्या माणसानं वाजवलेली बासरी किंवा ढोल घेतला तर त्याचीही लेखी परवानगी आणि मोबदला. लोकसंगीत सगळ्यांचं असलं तरी वाजवणं त्याचं असतं.

आवाहन कुठे फसतं

सगळ्यात सर्रास चूक: शेवटी पडद्यावर क्यूआर कोड. बघणारा फोनवरच बघतोय, मग कोड स्कॅन कशानं करणार? कोड फक्त पडद्यावर किंवा पोस्टरवर. फोनसाठी यूपीआय आयडी किंवा मोबाइल क्रमांक मजकुरात, कॉपी करता येईल असा. पैसे पाठवताना जे नाव दिसतं ते संस्थेचंच आहे का, हे स्वतः एक रुपया पाठवून बघा. खजिनदाराचं नाव दिसलं की निम्मे लोक तिथेच थांबतात. तपासणीचं आवाहन असेल तर "जवळच्या आरोग्य केंद्रात" एवढ्यावर भागत नाही. वार, वेळ, फुकट आहे की नाही आणि कुणाला भेटायचं, हे लिहा. आधी त्या केंद्रात चाचणीचं किट शिल्लक आहे ना याची खात्री करा. व्हिडिओ बघून आलेलं पोरगं रिकाम्या हातानं परत गेलं तर दुसऱ्यांदा येत नाही, आणि मित्रांनाही सांगतं.

सोडण्याआधी आणि सोडल्यावर

विषयाशी संबंध नसलेल्या पाच जणांना दाखवा, आवाज बंद करून. पुष्कळ लोक व्हिडिओ तसाच बघतात. संपल्यावर "आवडला का" विचारू नका, "आता काय कराल?" विचारा. पाचांपैकी तिघांनी तुमचं कागदावरचं वाक्य आपल्या शब्दांत सांगितलं तर व्हिडिओ तयार. "छान आहे, डोळ्यांत पाणी आलं" म्हणाले आणि पुढे काहीच सुचलं नाही, तर शेवटची तीस सेकंदं परत बांधा.

वेळ चुकली तर चांगला व्हिडिओही वाया जातो. दिवाळीच्या आगेमागे सातपुड्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात. तेव्हा तपासणीचा व्हिडिओ सोडला तर तो बघायला पोरगं गावात नसतं. होळीला माणसं परततात, होळीआधीचे भोंगऱ्याचे आदिवासी बाजार भरतात, लगेच लग्नसराई. या व्हिडिओची वेळ ती. रेंज नसलेल्या पाड्यांसाठी हलकी फाइल करून मेमरी कार्डावर द्या, एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या फोनवर ती आपोआप फिरते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून बारीक होताना खालची अक्षरं वाचता येत नाहीत.

पहिले दोन दिवस खालच्या प्रतिक्रियांवर कुणीतरी नजर ठेवायलाच हवी. शिंप्याच्या जातीवर, घरावर, बायकोवर कुणी घसरलं तर ती प्रतिक्रिया काढायची, उत्तर देत बसायचं नाही. त्याच्याकडे तुमचा एक फोन नंबर असू द्या, आणि त्यानं काढा म्हटलं की त्याच दिवशी काढायचा हे आधी ठरलेलं असू द्या. परिणाम मोजायचा तो किती लोकांनी बघितला यावर नाही. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत त्या महिन्यात लग्नाआधी तपासायला किती जण आले, ते आधीच्या महिन्याशी ताडून बघा. त्यासाठी व्हिडिओ सोडायच्या आधीचा आकडा लिहून ठेवावा लागतो. तो कागद शिंप्याच्या परवानगीच्या कागदासोबत एकाच फाइलीत ठेवा.